सच्छिद्र चूर्ण व फळांची नासाडी

नागपूरच्या मनीषनगरात वैशाखाच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीवरील केळी पाहता पाहता काळी पडतात. या नासाडीचे भय धरून व्यापारी शेतकऱ्यास आधीच भाव कमी देतो.

फळातून निघणारा इथिलीन वायु पिकण्यास वेग देतो. एक-मिथिलसायक्लोप्रोपीन हा दुसरा वायु ती क्रिया लांबवितो. मात्र तो फळ कच्चे असतानाच द्यावा लागतो, आणि वायु साठविणे अवघड! धातु व सेंद्रिय रेणूंच्या जाळीचे सच्छिद्र चूर्ण त्यास पोटात धरून ठेवते. काही प्रकारांत एका ग्रॅमच्या छिद्रांचे पृष्ठफळ एकराहून अधिक भरते. या जाळ्यांबद्दल कितागावा, रॉबसन व याघी यांस २०२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शेतकऱ्यास मात्र किमतीशी कर्तव्य. पूर्वी हे चूर्ण द्रावकात तासन् तास, प्रसंगी कित्येक दिवस तापवावे लागे. कोरडे घटक दळून ते मिनिटांत सिद्ध करण्याची रीत बेलफास्ट येथे पुढे आली. तेथीलच एका कंपनीने २०१६ साली मुंबईच्या यूपीएल समूहातील डेक्कोसह असे फळरक्षक बाजारात आणले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तर २०१३ साली धातुविरहित जाळी खलात घोटून बनविली. खल कोणत्या घरी नाही? संशोधनाचा पैसा याच वाटेवर खर्चावा.

संत्र्यासाठी कोणी हे औषध खपवू लागल्यास ग्रामसेवकांनी बागाईतदारांस सावध करावे. तोडलेले संत्रे केळ्याप्रमाणे पिकत नाही. ते मुख्यतः बुरशीने व ओलावा उडून खराब होते.