तिचं म्हणणं ऐका

फराळाच्या ताटाशेजारी हा अंक विसावेल, याची जाणीव ठेवूनही यंदा एक अवघड विषय तुमच्यापुढे मांडत आहोत. लैंगिक शोषणातून सुटलेल्या मुलींचं पुढे काय होतं?

१० मे २००२ रोजी मुंबई पोलिसांच्या समाजसेवा शाखेने सांताक्रूझमधल्या कुंटणखान्यावर छापा घालून २४ जणींना सोडवलं. त्यांत अल्पवयीन मुलीही होत्या. अशा मुलींसाठी काम करणारी ‘प्रेरणा’ संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी न्यायालयाने बजावलं: अठराखालच्या मुलीला बालकल्याण समितीपुढेच न्यायचं, दलालाच्या वकिलाने तिची बाजू मांडायची नाही आणि चौकशीविना तिचा ताबा कुणालाही द्यायचा नाही. वकील दलालाचा असेल, तर सुटका झालेली मुलगी पुन्हा त्याच दारात पोहोचते. ती वाट या निकालाने अडवली.

२०१२ साली मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याने विशेष न्यायालयं दिली. साक्ष देताना मुलीला आरोपी दिसू नये, तिला वारंवार बोलावू नये, खटला शक्यतो वर्षभरात संपावा, असं हा कायदा सांगतो. नियमांनी तिला आधार देणारी व्यक्तीही दिली.

पण आधार आणि बंदिवास यांतलं अंतर आपण विसरतो. २०१९ साली मालाडला छाप्यात सापडलेल्या तीन सज्ञान तरुणींना वर्षभर वसतिगृहात ठेवण्याचा आदेश झाला. दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने तो कायम केला. सप्टेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द करून सांगितलं की, सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही.

अठराखालच्या मुलीला संरक्षण हवंच, पण त्या संरक्षणातही तिला बोलू द्यायला हवं. बालन्याय कायद्याच्या तत्त्वांमध्ये बालकाच्या सहभागाला स्थान आहे. मानखुर्दच्या बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलीला एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, सोयही हाच कायदा देतो. मात्र न्यायालय तिला भाड्याची खोली मिळवून देत नाही, कामावर ठेवत नाही. ते अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतल्या आपल्याच हाती आहे.

म्हणून विनंती एवढीच: अशी मुलगी नोकरी मागायला आली तर तिचं काम बघा, भूतकाळ उकरू नका. तिचं नाव कुजबुजीत फिरवू नका. कुठे मुलीचं शोषण होत असल्याचा संशय आला तर १०९८ या बाल-मदतवाहिनीवर कळवा.

या जबाबदारीसह, दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— संपादक