संगणक म्हातारा झालेला नाही, त्याला वाऱ्यावर सोडलंय

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नियमित अपडेट थांबवले. तेव्हापासून शाळा, ग्रामपंचायत, पतसंस्था, वाचनालय, कुठेही जा, एकच वाक्य ऐकू येतं : "हे मशीन आता चालणार नाही, नवीन घ्या." विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, किमान ४ जीबी रॅम लागते, आणि प्रोसेसरही ठरलेल्या यादीतलाच लागतो. यादीत नाव नाही म्हणजे मशीन बाद. मग निर्लेखनाचा प्रस्ताव, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद, भंगारवाला, आणि पाठोपाठ नव्या खरेदीची फाइल.

माझा साधा सवाल आहे. मशीनमध्ये बिघडलंय काय? कीबोर्ड चालतो, स्क्रीन चालते, हार्ड डिस्क फिरते. काल चालणारं मशीन आज भंगार कुणी ठरवलं? ज्यानं ते सॉफ्टवेअर विकलं त्यानंच. आणि आपण मान डोलावली, कारण दुसरा रस्ता असतो हेच आपल्याला कुणी सांगितलं नाही.

तो रस्ता समजायला फार शिकलेलं असायला लागत नाही. गहू आणि पीठ एवढं कळलं तरी पुरे. प्रोग्रामर लिहितो तो सोर्स कोड म्हणजे गहू. मशीनला चालतं ते त्याचं पीठ. मधलं दळण म्हणजे कंपाइल करणं. विंडोज तुम्हाला बंद पिशवीतलं पीठ देतं. कंपनीनं दळणं थांबवलं की तुमची चूल बंद. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीत गहू सगळ्यांसमोर ठेवलेला असतो. आपल्या मशीनला झेपेल असं जाड, बारीक, हवं तसं दळून घ्यायचा हक्क तुमचा.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्याकडे एक जुनं नेटबुक आहे, अ‍ॅटम प्रोसेसर, २ जीबी रॅम. त्यावर जेंटू लिनक्स सोर्सपासून बांधलं. जेंटूमध्ये जवळपास सगळंच आपल्या मशीनवर कंपाइल करता येतं. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आज चार कोटी ओळींच्या आसपास आहे. तो पूर्ण दळायची गरज नसते. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही एक आज्ञा दिली की सध्या मशीन जे ड्रायव्हर वापरतंय तेवढेच निवडले जातात, बाकीचा पसारा गळतो. रात्री लावला, सकाळी तयार. लाइट गेली तर बहुतेक वेळा दळण राहिलं तिथून पुढे सुरू होतं. पण जीसीसी हा कंपाइलर स्वतःच बांधायला अख्खा दिवस गेला. रॅम कमी, म्हणून एका वेळी एकच काम द्यावं लागतं. दोन दिली की मेमरी संपते आणि काम अर्ध्यावर मरतं.

आता आमचे काही संगणकवेडे मित्र म्हणतील, हेच खरं, प्रत्येकानं स्वतः कंपाइल करावं. नको हो! प्रत्येक घरात जातं असावं असा आग्रह मी धरणार नाही. दहावीच्या वर्गाला शिकवणाऱ्या मास्तरांनी दोन दिवस कंपाइलरकडे बघत बसायचं का? गावात गिरणी असते ती याचसाठी. दळायला ताकद लागते, पण दळलेलं खायला तेवढी लागत नाही. जे मशीन स्वतःची प्रणाली बांधताना धापा टाकतं, तेच मशीन दुसरीकडे बांधलेली हलकी प्रणाली निवांत चालवतं. मोठ्या मशीनवर एकदा बांधा, हजार छोट्या मशीनवर चढवा. मुद्दा एवढाच की गहू आपल्या हातात हवा.

हे स्वप्नरंजन नाही, घडलेलं आहे. २०१२ साली रास्पबेरी पाय हा ३५ डॉलरचा चिमुकला संगणक बाजारात आला. ७०० मेगाहर्ट्झचा एकच कोअर, सुरुवातीला रॅम फक्त २५६ एमबी. त्याची चिप एआरएमव्ही६, म्हणजे तेव्हाच जुन्या पिढीतली. डेबियन या लिनक्स प्रणालीचा वेगवान अवतार एआरएमव्ही७पासून पुढच्या चिपसाठी होता, आणि जो चालत होता त्यात या चिपमधला अपूर्णांकांची गणितं झपाट्यानं करणारा भाग वापरलाच जात नव्हता. कुणी म्हणालं असतं, चिप जुनी आहे, सोडा. माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी सोडलं नाही. डेबियनचा सोर्स घेतला आणि नेमका त्या चिपसाठी पुन्हा कंपाइल केला. जून २०१२पर्यंत ३५ हजारांहून जास्त पॅकेजेस बांधून झाली. हेच रास्पबियन. मग जगभरातली पोरं त्या स्वस्त पाटीवर प्रोग्रामिंग शिकली. त्या पोरांना कंपाइल करावं लागलं नाही. एका ठिकाणी दळलं, सगळ्यांनी खाल्लं.

आपल्याकडे हे कुणी करायचं? केरळकडे बघा. तिथे 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्प २००१पासून. पुढे शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या, आणि आज 'काइट' ही सरकारी संस्था उबुंटूवर बेतलेली स्वतःची प्रणाली शाळांना देते. तिथले मास्तर काही वेगळ्या मातीचे नाहीत. सरकारनं गिरणी घातली, एवढाच फरक.

आणि आपण? सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात. याच संस्थेनं डेबियनवर बेतलेली 'बॉस' ही प्रणाली आणली, तिच्यात मराठीही आहे. केंद्र सरकारनं २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. धोरण आहे, संस्था आहे, माणसं आहेत. मग तालुक्याच्या शाळेत बिनबिघाडाचं मशीन भंगारात का जातं? कारण खरेदीला फाइल असते, दुरुस्तीला नसते. नवीन संगणक आले की फीत कापता येते, फोटो छापून येतो. जुन्या मशीनवर नवी प्रणाली चढवली तर फोटो कशाचा काढणार?

आक्षेप येतील, ते आधीच घेतो. "जुनं मशीन असुरक्षित असतं." असुरक्षित असतं ते अपडेट नसलेलं मशीन, आणि अपडेट बंद कुणी केले ते वर सांगितलंय. "फुकटचं ते हलकंच." नोव्हेंबर २०१७पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच.

"मुक्तवालेही जुनं टाकतातच की." खरंय. लिनस टॉर्वाल्ड्सनं १९९१ला लिनक्स ज्या ३८६ जातीच्या मशीनवर लिहिलं, त्या ३८६चा आधार २०१२च्या अखेरीस कर्नलमधून काढला. डेबियननंही ऑगस्ट २०२५मधल्या १३व्या आवृत्तीत ३२ बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं थांबवलं. पण तिथे दार बंद झालं तरी किल्ली लोकांकडेच राहते. ज्याला गरज आहे तो सोर्स घेऊन पुढे चालवू शकतो. विंडोज १०च्या बाबतीत ही सोय कुणालाच नाही, पैसे मोजलेल्या सरकारलासुद्धा नाही.

सगळी मशीनं वाचतील असंही मी म्हणत नाही. आजचा ब्राउझर आठ-दहा टॅब उघडले की २ जीबीला गुडघ्यावर आणतो. काही कार्यालयांची सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात, आमच्या धंद्यातले जुने मराठी फॉन्टसुद्धा त्यातलेच. तिथे नवीन घ्या, जरूर घ्या. पण टायपिंग, वाचन, गणिताचे खेळ, प्रोग्रामिंगचे पहिले धडे यांसाठी चालणारं मशीन भंगारात घालणं म्हणजे करदात्याच्या पैशाची राख आहे. आणि ज्या पोराच्या घरी संगणक नाही, त्याच्या हातातली एकमेव संधी आपण किलोच्या भावात विकतोय.

म्हणून तुमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. निर्लेखन करण्याआधी प्रत्येक मशीनवर हलकी मुक्त प्रणाली चालवून पाहिली का? पाहिली असेल तर तपासणीचा कागद कुठे आहे? आणि नव्या मशीनला पुढे किती वर्षं अपडेट मिळणार, हे खरेदीच्या अटीत लिहिलंय का?

तोंडी उत्तर घेऊ नका, इतिवृत्तात नोंदवून घ्या. आणि काय उत्तर मिळालं ते खाली कॉमेंटमध्ये लिहा. बातमी करायची जबाबदारी माझी.