‘ख्रिस्ती वाटलेच नाहीत’

मराठी शोकसभांची एक ठरलेली भाषा आहे. दिवंगत व्यक्ती ‘अजातशत्रू’ असते, तिच्या जाण्याने ‘पोकळी’ निर्माण होते आणि ती अल्पसंख्य समाजातली असेल तर ‘धर्माच्या पलीकडे’ गेलेली असते. आमच्या मराठी विभागातले एक ज्येष्ठ सहकारी नुकतेच निवर्तले. महाविद्यालयाच्या फलकावर त्यांच्या नावाआधी ‘कै.’ लागले, त्यांच्या चर्चच्या पत्रिकेत मात्र ‘ख्रिस्तवासी’ असा शब्द होता. शोकसभेत एका वक्त्याने गहिवरून सांगितले, ‘‘सर ख्रिस्ती आहेत असे कधी वाटलेच नाही.’’ हे वाक्य गौरव म्हणून उच्चारले गेले आणि गौरव म्हणूनच ऐकले गेले. वक्त्याच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. आमचा आक्षेप आहे तो त्या वाक्यातील गृहीताला.

वस्तुतः आमचे हे मित्र पूर्णार्थाने ख्रिस्ती होते. रविवारची उपासना त्यांनी सहसा चुकवली नाही. त्या दिवशी परीक्षेचे काम घ्यायला ते नकार देत आणि त्यापायी वरिष्ठांची नाराजी पत्करत. उपासनेनंतरची दुपार मंडळीतल्या आजारी माणसांसाठी राखलेली असे. वर्गात ते ज्ञानेश्वरीतील ओवी वाचू लागले की मुले लिहायचे थांबत. शब्दाची घाई न करणारे, विरामाचा मान राखणारे ते वाचन त्यांना कोणत्याही प्रशिक्षणवर्गाने दिले नव्हते. लहानपणापासून मंडळीसमोर उभे राहून शास्त्रपाठ वाचताना ते घडले होते. ज्या मराठीसाठी आपण त्यांना आठवतो, तिची तालीम चर्चमध्ये झाली. ती मराठी ठेवून घ्यायची आणि चर्च वगळायचे, याला गौरव कसे म्हणावे?

हा प्रश्न एका शोकसभेपुरता नाही. वाङ्मयाच्या अध्यापनातही हेच घडत आले आहे. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेले रे. नारायण वामन टिळक विद्यार्थ्यांना भेटतात ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून; ‘अभंगांजली’चे टिळक वर्गात क्वचितच येतात. फादर स्टीफन्स यांच्या 1616 मधील ‘ख्रिस्तपुराणा’तले मराठीचे कौतुक आपण आवडीने सांगतो, ज्या श्रद्धेपोटी ते पुराण रचले गेले, तिची चर्चा मात्र टाळतो.

याउलट श्रद्धावान माणसाचे स्मरण कसे करावे, याचा वस्तुपाठ लक्ष्मीबाई टिळकांनी घालून दिला आहे. पतीच्या धर्मांतराने त्यांच्या वाट्याला काही वर्षांची ताटातूट आली. पुढे त्यांनी स्वतः विचारपूर्वक तोच धर्म स्वीकारला. 1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी टिळकांची श्रद्धा सौम्य करून दाखवली नाही आणि तिच्यापायी घराने सोसलेले हालही लपवले नाहीत. टिळकांचा तापटपणा, उदारपणा आणि भक्ती त्या पुस्तकात एकाच माणसाची म्हणून येतात. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. त्याचे बहुतेक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी रचले. दिवंगताला जे सर्वाधिक प्रिय होते, ते त्यांनी आपल्या स्मरणातून गाळले नाही.

कोणी म्हणेल, 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ काढून खुद्द टिळकच चर्चच्या भिंतींबाहेर पडले नव्हते का? पडले होते. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्या दरबारात स्थान होते. परंतु ते पाऊल ख्रिस्ताच्या ओढीने पडले होते, ख्रिस्ताला मागे टाकण्यासाठी नव्हे. आमच्या मित्रांचेही तसेच होते. वारीला जाणाऱ्या सहकाऱ्याशी तुकोबांवर ते तासन्‌तास बोलत, ते भक्तीचा अर्थ स्वतःला ठाऊक होता म्हणून.

विभाग आता त्यांची स्मरणिका काढणार आहे. आमची सूचना अशी की, तीत त्यांच्या मंडळीतल्या माणसांना आवर्जून लिहायला सांगावे आणि नावाआधी ‘ख्रिस्तवासी’ हाच शब्द छापावा. अभ्यासमंडळांवर असलेल्या वाचकांना आणखी एक विनंती : टिळकांच्या फुलामुलांच्या कवितेशेजारी ‘अभंगांजली’तला एखादा अभंगही नेमावा.