मोडलेला मणका आणि सोळाशे मीटर



पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांतली पोरे-पोरी पहाटेच मैदान गाठतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते. आमच्या शेजारचा एक तरुण असाच तयारी करीत होता. दिवसा बांधकामावर बिगारी, पहाटे धावणे. दोन वर्षांपूर्वी तो परांचीवरून कोसळला आणि कमरेचा पहिला मणका दबून मोडला. आज तो पुन्हा धावतो. कसा, ते सांगावे म्हणून हा लेख.

पडल्याबरोबर साथीदारांनी हातपाय धरून त्याला उचलले आणि रिक्षात कोंबले. माया खरी, पण रीत अत्यंत धोक्याची. आपल्या कण्यात ३३ मणके, आणि त्यांच्या पोकळीतून मेंदूकडून आलेली मज्जारज्जू जाते. मोडलेले हाड जुळते, परंतु तुटलेली मज्जारज्जू आजही कुणाला पूर्ववत जोडता येत नाही. म्हणून उंचावरून पडलेल्या माणसाला बसवू नये, ओढू नये, पाणी पाजण्यासाठी मान उचलू नये. १०८ ला फोन करावा, तोवर डोके-मान सरळ धरून ठेवावी. हलवणे अगदीच भाग पडले तर चार-पाच जणांनी मिळून, अंग न पिळता, फळीवर घ्यावे.

ह्या पोराची मज्जारज्जू शाबूत राहिली. पायांची बोटे हलत होती, लघवीची जाणीव होती. शस्त्रक्रिया लागली नाही, तीन महिने पट्टा लागला. कंत्राटदाराने पहिल्या आठवड्यानंतर तोंड दाखवले नाही. त्यावर पुन्हा केव्हातरी लिहू.

पट्टा सुटला आणि घरात घाई सुरू झाली. आई म्हणायची, "भरती काय तुझ्यासाठी थांबती व्हय? वय निघून चाललंय." तिचेही चुकत नव्हते, घरात कमावता तोच. गल्लीत कुणी जिद्दीच्या गोष्टी सांगे, कुणी हाडवैद्याकडे मणका चोळून घे म्हणे. आमचे स्पष्ट मत असे की, मोडलेला मणका चोळून बसवणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नये. आणि दुखणे मारायच्या गोळ्या खाऊन धावणे म्हणजे गाडीचा लाल दिवा फोडून गाडी हाकणे.

सरकारी रुग्णालयातल्या व्यायामोपचाराच्या बाईंनी मात्र त्याला वाट दाखवली. आधी नुसते चालणे. घर ते नाका, मग नाका ते स्टेशन. सोबत पोटाचे, पाठीचे, मांड्यांचे व्यायाम, कारण कण्याला खरा आधार स्नायूंचा असतो. अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी पाठ धरली नाही, जिने दुखल्याविना चढता आले, तेव्हा डॉक्टरांनी नवा फोटो पाहून परवानगी दिली. मग एक मिनिट धाव, दोन मिनिटे चाल. तेही डांबरी रस्त्यावर नव्हे, मातीवर. एक दिवस धाव, एक दिवस विश्रांती. पाठ वाढून दुखली की मागच्या पायरीवर यायचे. ह्यात आठ महिने गेले, एक भरतीही हातची गेली. आता तो १६०० मीटर न थांबता पुरे करतो. वेळ अजून आलेली नाही.

असा प्रसंग ज्यांच्या घरी आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावे. पायातली शक्ती कमी होऊ लागली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

आणि ज्याची मज्जारज्जूच गेली त्याचे काय? त्याला "मनात आणलेस तर धावशील" म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. ते पुन्हा धावले नाहीत. उपचाराचा व्यायाम म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले. २०२४ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा कुठे पोराबाळांना नाव कळले.

आमच्याच वस्तीत एक हमालबंधू पाठीवर पोती कोसळल्यापासून चाकाच्या खुर्चीवर आहेत. पूर्वी मंडळाच्या प्रत्येक बैठकीला पुढच्या रांगेत असत. आता येत नाहीत, कारण समाजमंदिराला पाच पायऱ्या आहेत. उतार बांधायला सिमेंट, विटा आणि गवंड्याचे दोन दिवस लागतील. गवंडी वस्तीतच आहेत. रविवारच्या बैठकीत आम्ही हा विषय पहिला घेणार आहोत.