आधी ऐकून घ्यावे

परिचितांच्या घरी संकट ओढवले की आपण धीर द्यायला जातो, आणि जाताना बहुधा उपदेशाची शिदोरी बरोबर नेतो. नोकरी गेलेल्याला सांगतो, "दुसरी मिळेल", पतिनिधनाने खचलेल्या स्त्रीला, "आता मुलांकडे पाहा." आपला हेतू चांगलाच असतो, परंतु तिला जे सांगावयाचे असते ते ओठांवरच राहून जाते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) यांचा एक अनुभव या दृष्टीने मननीय आहे. तरुणपणी ते रॉचेस्टर येथे मुलांच्या समस्या हाताळीत असत. एका हूड मुलाच्या आईला, दोषाचे मूळ तिच्याच वागण्यात आहे, हे ते अनेक भेटींत समजावीत राहिले. उपयोग होईना. अखेर प्रयत्न थांबविण्याचे उभयतांनी ठरविले. दारापर्यंत गेलेली ती माता मागे वळली आणि येथे मोठ्या माणसांनाही मार्गदर्शन मिळते का, असे तिने विचारले. मग ती परत बसली व आपल्या संसाराचे दुःख सांगू लागली. रॉजर्स ऐकत राहिले. त्याचा लाभ तिला झाला, तसाच मुलालाही. कोठे दुखते हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, हा बोध त्यांनी यातून घेतला.

पुढे १९५७ साली त्यांनी साहाय्यकाच्या अंगी आवश्यक असे गुण मांडले: दुसऱ्याचे दुःख त्याच्या जागी उभे राहून जाणणे, बरेवाईट न ठरविता त्याचा आदर करणे आणि स्वतः मनापासून वागणे.

वाचकहो, हे आपल्यालाही साधण्याजोगे आहे. मध्येच बोलू नये. "लोकांचे बोलणेच अधिक बोचते, असे ना?" असे विचारून आपल्याला नीट समजले की नाही हे पाहावे. रडू आल्यास रडू द्यावे. ऐकलेले चारचौघांत सांगू नये.

मात्र कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागल्यास, आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट मन मोकळे व्हावयास वाट मिळते. अशा व्यक्तीस एकटे सोडू नये व त्वरित वैद्यकीय साहाय्य मिळवावे. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेली 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक आजच घरातील सर्वांच्या दृष्टीस पडेल असा लिहून ठेवावा.