लेकीची पहिली शर्यत

संग्रामपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सोळा वर्षांची लेक मातीच्या वाटेवरच्या सायकल शर्यतीत उतरते म्हणते. पाऊस नुकताच ओसरलेला, हंगामातली ही पहिलीच शर्यत, सराव जेमतेम. सासूबाई म्हणतात, ‘हातपाय मोडले तर उद्या स्थळं कशी यायची?’ यजमान गप्प. आणि आईला वेगळीच धास्ती : पोर चारचौघांत शेवटी आली तर?

मैत्रिणींनो, हा प्रश्न एका घरचा नाही, म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच देते.

आधी शेवटच्या नंबराचे बोलू. हंगामाच्या सुरुवातीची शर्यत म्हणजे शाळेतली चाचणी परीक्षा. दम कुठे लागतो, चढावर चेन का उतरते, उतारावर मनगटे का भरून येतात, हे तिथेच कळते. कळलेली उणीव पुढच्या शर्यतीपर्यंत भरून काढता येते. तेव्हा त्या दिवशी धडपणे शर्यत पुरी करून येणे, एवढेच तिचे काम.

‘हे काय मुलींचे खेळ?’ असे कुणी म्हणेल, तर त्यांना सांगा. हा खेळ कॅलिफोर्नियाच्या डोंगरात १९७० नंतर रुजला. तिथे १९७६ साली सुरू झालेल्या एका उतारावरच्या शर्यतीचे नावच होते ‘रीपॅक’. उतरताना मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे! १९९० साली पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तीत स्त्रियांची शर्यत होतीच. १९९६ साली अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला आणि इटलीच्या पाओला पेझ्झोने स्त्रियांचे सुवर्णपदक जिंकले. २००० साली सिडनीलाही तिनेच. लांब कशाला, आपल्या संगमनेरची प्रणिता सोमण याच खेळात राष्ट्रीय पातळीवर चमकली आहे.

आता सासूबाईंची काळजी. ती खोटी नाही, तिला हसून उडवू नका. मातीत घसरायला होतेच. पण काळजीचा उपाय घरी बसवणे हा नव्हे, तयारी करणे हा आहे. हेल्मेट नेमके डोक्याच्या मापाचे हवे. भुवईच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे आणि हनुवटीखालचा पट्टा घट्ट हवा. हातमोजे घातले की तळवे सोलवटत नाहीत. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची असते. ती राहिली असेल तर आधी घेऊन टाका.

सायकल आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी दुकानात दाखवा. ब्रेकची रबरे झिजली असतील तर बदला. मातीवर चाकात हवा रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवतात, म्हणजे पकड येते; फारच कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते. आपल्याकडची काळी माती ओली असताना चाकाला अशी चिकटते की चाक फिरायचेच थांबते. अशा ठिकाणी उतरून सायकल खांद्यावर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. मोठे स्पर्धकही तेच करतात. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. पुढचा एकदम दाबला तर स्वारी हँडलवरून पलीकडे!

सरावाला मुरमाड गाडीवाट पुरे. सातपुड्याची ओढ वाटली, तरी अंबाबरवा अभयारण्याच्या हद्दीत पोरींना जाऊ देऊ नका. तिथे वाघ-बिबट्याचा वावर आहे.

खाण्याचे तर तुमच्याच हातात. शर्यतीआधी दोन-तीन तास पोहे किंवा उपमा द्या. ठेचा त्या दिवशी नको. वाटेसाठी केळे, राजगिऱ्याचा लाडू आणि बाटलीत लिंबू-साखर-मिठाचे पाणी. नवा पदार्थ त्या दिवशी मुळीच नको. आणखी एक, मुलीला जिना चढतानाही धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. आपण त्याला ‘सराव नाही’ म्हणतो आणि खरे कारण राहून जाते.

पाळी त्याच दिवसांत आली तर? फार त्रास नसेल तर शर्यत सोडायचे कारण नाही. मात्र जाड पॅडने मांड्या सोलवटतात, म्हणून काय वापरायचे ते सरावातच ठरवू द्या.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला एवढेच सांगणे : सासूबाईंना ते हेल्मेट हातात देऊन दाखवा, जमले तर शर्यतीलाही न्या. यजमानांना विचारत बसण्यापेक्षा ‘सायकल दुकानात नेता का?’ असे काम सांगा. कामाला लागलेला माणूस आपोआप बाजूचा होतो. आणि पोर चिखलाने माखून आली की ‘कितवी आलीस?’ हे आधी विचारू नका, बरं का. आधी पाणी द्या. मग विचारा, ‘पुढची शर्यत कधी गं?’