न्यायाधीश नेमावा कोणी, आणि न्याय मिळावा कोणास?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आमच्या व्यापारी वाचकांस तोंडपाठ आहे. ही म्हण व्यवहारदक्षतेची असेल. पण ती राज्यव्यवस्थेस मुळीच भूषणावह नाही. दाद मागण्यापेक्षा नुकसान सोसणे परवडते, असे ज्या देशांत पेढीवाल्यासही वाटते, त्या देशांत गरिबाने कोठे जावे? न्यायसंस्थेंत सुधारणा हवी, याविषयी म्हणून दुमत नाही. वाद आहे तो सुधारणा कोणती व ती कोणाच्या हिताची, याविषयी; आणि गेली पन्नास वर्षे हा वाद मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरत आहे: वरिष्ठ न्यायालयांचे न्यायाधीश सरकारने निवडावे, की न्यायाधीशांनी? हा दिल्लीतील दोन बलिष्ठ पक्षांचा तंटा आहे, आपणांस त्याचे काय, असे पुष्कळांस वाटते. हा समज चुकीचा आहे हे दाखविण्यासाठी आम्ही वाचकांस प्रथम दिल्लीस न नेता जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत, साखरशेतास नेतो.

१९४८ पर्यंत जव्हार हे संस्थान होते. आज हा सारा मुलूख पालघर जिल्ह्यांत असून तो संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रांत मोडतो. येथील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबे उतारावरच्या जमिनींत नागली व वरई पिकवितात. आणि त्यांतील पुष्कळ जमीन कागदोपत्री वनखात्याची असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा कसणाराचा हक्क मान्य केला. त्याचा दावा प्रथम ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीपुढे, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीपुढे जातो. मूळ कायद्यांत जिल्हा समितीचा निर्णय अखेरचा होता. २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रांत विभागीय समितीकडे अपिलाची सोय झाली. ती स्तुत्यच आहे. परंतु त्या समितीचे अध्यक्षही विभागीय आयुक्त, म्हणजे सरकारचेच अधिकारी. तेथेही दावा फेटाळला गेला, तर मुंबईच्या उच्च न्यायालयावाचून दुसरे दार उरत नाही.

आता या मनुष्याचा प्रतिपक्ष कोण, हे पाहा. तो शेजारी नव्हे, सावकारही नव्हे. तो खुद्द सरकार आहे. करआकारणीच्या नोटिशीविरुद्ध उच्च न्यायालयांत जाणाऱ्या व्यापाऱ्याचा प्रतिपक्षही तोच. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच मर्जीवर न्यायाधीशाची नेमणूक व बढती अवलंबून राहिली, तर त्या फिर्यादीस अर्थ तो काय राहिला? न्यायाधीश कोणी नेमावा हा प्रश्न दिल्लीचा आहे तितकाच साखरशेतचाही आहे, असे आम्ही म्हणतो ते याकरितां.

ही भीति काल्पनिक नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यांत संसदेस घटनेचा मूळ गाभा बदलतां येणार नाही असा निकाल लागला, आणि लगेच सरकारने शेलत, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींस डावलून ए. एन. राय यांस सरन्यायाधीश केले. पुढे आणीबाणींत, १९७६ साली, स्थानबद्ध नागरिकास न्यायालयांत दाद मागतां येणार नाही असे चार न्यायमूर्तींनी ठरविले. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते, हे महाराष्ट्राने विसरूं नये. एकट्या हंसराज खन्नांनी विरुद्ध मत दिले. १९७७ च्या आरंभी त्यांना डावलण्यांत आले.

या अनुभवांतून १९९३ च्या निकालाने निवडीचा अधिकार ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाकडे आला. परंतु येथे आमच्या न्यायाधीशांसही दोन शब्द सुनावणे भाग आहे. ज्या खोलींत न्यायाधीश निवडले जातात तिचे दार बंद असते. कोणास का घेतले व कोणास का वगळले, हे लोकांस पुरते कळत नाही. दुसऱ्यांकडून कारणे मागणाऱ्याने स्वतःची कारणे सांगूं नयेत, हे कोणत्या न्यायांत बसते? २०१४ मध्ये संसदेने सहा जणांचा नियुक्ति-आयोग निर्माण केला, तेव्हा पुष्कळ विचारवंतांनी त्याचे स्वागत केले ते यामुळेच. पण त्यांत कायदेमंत्री होते, आणि कोणत्याही दोघां सभासदांस निवड अडवितां येत होती. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी तो रद्द केला. निकाल आम्हांस योग्य वाटतो. परंतु विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ति चेलमेश्वरांनी जुन्या पद्धतीच्या गुप्ततेवर ठेवलेला दोष त्या निकालाने पुसला गेला नाही.

परदेशांतही हेच चालले आहे. इस्राएलांत २०२३ साली न्यायालयाचे अधिकार छाटण्याच्या बेताविरुद्ध लक्षावधि लोक रस्त्यावर आले. मेक्सिकोने २०२५ मध्ये न्यायाधीश थेट मतदानाने निवडले. पण आठांपैकी सुमारे एकच मतदार मतदानास गेला. निवडणूक झाली म्हणजे लोकसत्ता आली, असे नव्हे.

तथापि केवळ स्वातंत्र्य पुरे नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी याच स्वतंत्र सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांस जमिनीवरून काढावे, असा हुकूम राज्यांस दिला. दावे रीतसर फेटाळले होते की नाही, याची चौकशी आधी व्हावयास हवी होती. ती दोन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीस हुकूम स्थगित करतांना सुरू झाली. ज्यांच्या चुलीचा प्रश्न होता ते लोक न्यायालयापासून किती दूर असतात, हे यावरून दिसते. मुंबईचे भाडे, वकिलाची फी व इंग्रजीतील कामकाज, या तीन घाटांपलीकडे त्यांचा न्याय बसलेला असतो.

हे अंतर तोडण्यासाठीच २००८ साली ग्रामन्यायालयांचा कायदा झाला व २ ऑक्टोबर २००९ पासून अमलांत आला. न्यायाधिकाऱ्याने स्वतः गावोगाव जाऊन लहान दिवाणी व फौजदारी कामे निकालांत काढावी, असा त्याचा हेतु. या कायद्याचा फारसा गाजावाजा नाही. म्हणूनच की काय, त्याची कोणास घाईही नाही. सत्तेची वाटणी असेल तेथे सुधारकांची गर्दी होते. खर्च व कष्ट असतील तेथे कोणी फिरकत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यांत असे. न्यायाधीशांच्या निवडींत सरकारचा हात वरचढ नसावा. पण निवडीची कारणे प्रसिद्ध व्हावी, आणि शिफारशी सरकारने दडपून ठेवूं नयेत म्हणून त्यांस मुदत असावी. रिकाम्या जागा भराव्या व ग्रामन्यायालये कागदावरून गावांत आणावी. प्रत्येक नव्या सुधारणेस वाचकांनी एकच प्रश्न विचारावा: हिच्यामुळे साखरशेतच्या शेतकऱ्यास सरकारकडून जाब घेणे सोपे होईल, की कठीण?

नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांस देहांत प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्र्यांची गोष्ट आपण मुलांस अभिमानाने सांगतो. त्या गोष्टीचा एक भाग मात्र आपण विसरतो: निकालानंतर पुणे सोडावे लागले ते रामशास्त्र्यांस. सत्य सांगणाऱ्या न्यायाधीशास आपली जागा सोडावी लागूं नये, एवढ्यासाठीच घटना असते. आणि ती जागविणे हे न्यायाधीशांइतकेच आपणां नागरिकांचेही काम आहे.